नळीवर पाय पडेल म्हणून

आषाढ-श्रावणात आमच्या लोणावळ्याच्या पावसाला आवाज नसतो. तो घाटाखालून धुक्याबरोबर वर येतो आणि मग दोन महिने हलतच नाही. भिंती ओलावतात, माझ्या स्टुडिओतल्या पडद्यावरच्या रंगवलेल्या बागेला बुरशी येते, लेन्सच्या आत बारीक जाळं धरतं. पण वीज म्हणून दिसत नाही. विजा येतात त्या परतीच्या पावसाबरोबर. भाताच्या लोंब्या दाण्यानं वाकल्या, की एखाद्या दुपारी उगवतीला, कामशेतच्या अंगाला, पांढऱ्या ढगांची उतरंड उभी राहते. खालून ती काळी पडत जाते. वारा एकाएकी थांबतो, आणि बाजारपेठेतली सगळी माणसं एकदम मोठ्यानं बोलताहेत असं वाटू लागतं.

आमच्या घरात अशा वेळी काय होणार ते ठरलेलं असे. सुमन, माझी बायको, हातातलं काम तिथंच टाकून मधल्या खोलीत जायची. पाटावर पाय वर घेऊन बसायची आणि गडगडाट पार खंडाळ्याच्या पलीकडे उतरल्याशिवाय बाहेर यायची नाही. चुलीवर भात असला तर तो मी उतरवायचा. मी तो मुकाट्यानं उतरवायचो. शेजारपाजारचे मला म्हणायचे, तुम्ही फार सांभाळून घेता हो त्यांना. मी काही बोलायचो नाही. न बोलणं मला चांगलं जमतं. हनुवटी वर, हलू नका, झालं. एवढ्या शब्दांवर माझा धंदा चालतो, आणि संसारही जवळजवळ तेवढ्यावरच चालला.

यंदा हस्ताचा पाऊस आला तेव्हा मात्र मला ते पाहवलं नाही. का, ते नीट सांगता येत नाही. केस पिकले म्हणून असेल. पाटावर बसलेली सुमनही आता म्हातारी दिसू लागली आहे, म्हणूनही असेल.

सुमन पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आलेलं माणूस. तिचं माहेर कामशेतचं. तिथं तिच्या वडिलांची, आबांची, भाताची गिरणी होती आणि तिकोणा पेठेच्या खालच्या अंगाला खाचरं. पायाळू माणसावर वीज पडते, हे आमच्या मावळात कुणी कुणाला शिकवत नाही, ते असतंच. लहानपणी आभाळ वाजलं की तिची आई तिला आतल्या खोलीत पाटावर बसवायची आणि घरातले विळे-कोयते तिच्यापासून दूर नेऊन ठेवायची. पण त्याच पायांना मानही मोठा. कुणाच्या पाठीत उसण भरली की तो कामशेतच्या गल्लीत येऊन पालथा पडायचा, आणि ही आठ-दहा वर्षांची पोर गंभीर चेहऱ्यानं त्याच्या कमरेवर पाय ठेवायची. लग्नानंतर लोणावळ्यातही लोक येऊ लागले. स्टेशनातले हमाल यायचे, भाजीवाल्या यायच्या. एकदा वलवणचा एक धिप्पाड गडी आमच्या ओटीवर आडवा पडून म्हणाला, "वयनी, जरा जोर लावा की. मांजरानं पाय ठिवल्यावानी वाटतंय." सुमन इतकी हसली की तिचा तोल गेला. तो गडी मात्र ताठ उठून चालायला लागला.

मी या सगळ्याला हसायचो. मॅट्रिक झालेला, हायपो आणि डेव्हलपरचं रसायन समजणारा माणूस मी. पाय आधी की डोकं आधी, हे आभाळाला कसं कळणार? असं मी चारचौघांत विचारायचो. सुमन तेवढ्यापुरती गप्प बसायची, आणि वीज चमकली की पाटावर.

विजेचा नाद मला लागला तो खंडाळ्याच्या एका बंगल्यात. तिथं एका कुटुंबाचा फोटो काढायला गेलो होतो. टेबलावर एक परदेशी मासिक उघडं पडलं होतं आणि त्यात पानभर वीज होती. काळं आभाळ, खाली डोंगराची कड, आणि मधोमध एखाद्या झाडाची मुळं उलटी धरावीत तशी ती. त्या कुटुंबाचा फोटो मी कसा काढला ते आठवत नाही. पान अजून आठवतं.

वीज पाहून बटण दाबू म्हणणारा फसतो. बोट हलेपर्यंत ती गेलेली असते. संध्याकाळी उजेड कमी झाला की शटर उघडं ठेवायचं, वाट बघायची, तेवढ्यात पडली तर पडली, नाहीतर मिटायचं आणि फिल्म पुढे घ्यायची. म्हणजे प्रश्न उरतो तो एवढाच, की शटर कशानं उघडायचं आणि कशानं धरून ठेवायचं. बोटानं धरलं तर कॅमेरा थरथरतो. दोऱ्याच्या रिळावरून सुतळी ओढून पाहिली, कॅमेऱ्याची तिपाईच हलली. पुण्याहून, कॅम्पातून वीतभर लांबीची गुंफलेली तारेची केबल आणली होती. तिला स्क्रू होता. एकदा दाबून पिळलं की शटर उघडं राहायचं. अगदी अचूक वस्तू. आज कुणी विचारलं तर मी डोळे मिटून तीच घे म्हणेन.

दुसरी वस्तू मी स्वतः केलेली. दवाखान्यातून मिळालेले रबरी नळीचे तुकडे एकात एक घालून, पंक्चरचं सोल्युशन लावून, वरून दोरा आवळून बांधलेली लांबलचक नळी. एका टोकाला सायकलच्या भोंग्याचा फुगा, दुसऱ्या टोकाला शटर ढकलणारी छोटी दांडी. फुगा दाबला की हवा नळीतून जाऊन दांडी पुढे सरायची; दाबून धरला तोवर शटर उघडं. ग्रुप फोटोत आपणही उभं राहावं म्हणून फोटोग्राफर अशा नळ्या वापरत. तिचे दोष मला पाठ होते. हवा सांध्यातून गळायची, दांडी उशिरा सरायची. आणि वाटेत कुणाचा नुसता पाय पडला तरी सगळं फुकट.

कितीतरी संध्याकाळी मी दोन्ही वस्तू काउंटरवर शेजारी ठेवून बघत बसलो. गिऱ्हाइकांना समजावून सांगायचो, की नळी बरी, माणूस दूर राहिला की कॅमेऱ्याला धक्का लागत नाही. हे खोटं होतं. केबल वापरायची तर उघड्या माळावर, लोखंडी तिपाईला खेटून उभं राहावं लागणार होतं. मला विजेची भीती वाटत होती. पाटावर बसणाऱ्या बायकोला हसणारा मी, छप्पर आणि फुगा निवडून मोकळा झालो.

त्या साली खोऱ्यात धरण बांधलं जात होतं, पाणी अजून यायचं होतं. तिकोण्याच्या पायथ्याची खाचरं पिवळी झाली होती, लवकर येणारं हळवं भात कापायला आलं होतं. आबांनी कापणीला बोलावलं म्हणून आम्ही दोघं गेलो. मी कॅमेरा नेला. वरच्या वाडीवरची माणसं कापणीला उतरली होती. त्यांत ठकूमावशी होती, आबांकडे वर्षानुवर्षं येणारी, वाळून काटकुळी झालेली, आणि तिचा मुलगा बुधा. मी तिपाई मांडली तेव्हा विळे थांबले.

"जावाय ईज धरनार म्हनं," ठकूमावशी म्हणाली.

"धरून ठिवनार कुटं?" कुणीतरी विचारलं.

"डबीत. मंग रातच्याला चिमनी लावाया नगं."

बुधा माझ्याकडे बघून अगदी भोळा चेहरा करून म्हणाला, "पाव्हणं, ईजंला सांगा, मान जरा वर कर आन् हालू नगं." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो. ते हसणं अजून कानात आहे, कारण त्यानंतर त्या माणसांत मी कधी हसलो नाही.

दिवस कलला तसा ढग चढला. आबांनी कापणी थांबवली, माणसं पेंढ्या झाकायला खळ्याकडे पळाली. बांधावर तिपाई होती. तिच्यापासून नळी निघून रानडुकरांपासून पीक राखायच्या खोपीपर्यंत येत होती, आणि खोपीच्या तोंडाशी मी फुगा हातात घेऊन बसलो होतो. बारीक थेंब पडू लागले. लेन्सवर छत्री धरायला माणूस हवं होतं.

मी सुमनला म्हणालो, "तू धर."

तिनं ढगाकडे पाहिलं. मी म्हणालो, "एकदा उभी राहून दाखव. काही होत नाही हे तुझं तुला कळेल. जन्माची भीती जाईल."

असं मी म्हणालो. मनात काय होतं तेही लिहितो. मनात होतं, की हे लोक म्हणतात ते खरं असलं तर वीज हिच्याजवळ येईल, आणि माझ्या चौकटीत येईल. न मानणारा मी हे मानत होतो, सोयीपुरतं. सुमन छत्री घेऊन बांधावर जाऊन उभी राहिली. हातातल्या बांगड्या तिनं वर सरकवून घट्ट केल्या, एवढं दिसलं.

त्यानंतर ठकूमावशी आली. ती खळ्याकडे का गेली नव्हती, मला माहीत नव्हतं. डोक्यावर पानांचं इरलं, हातात विळा. ती सरळ खोपीकडे आली. खोप तिच्याच हातची शाकारलेली होती. पण खोपीच्या तोंडाशी माझी नळी आडवी पडली होती, आणि फुगा मी दाबून धरला होता.

"मावशी, इथं नको," मी म्हणालो. "नळीवर पाय पडेल."

"मंग कुटं जाऊ?"

मी हातानं दाखवलं. पलीकडच्या बांधावर ऐनाचं एक झाड होतं.

"झाडाखाली?" ती म्हणाली. "आवो, ईज हाय."

"काही होत नाही. थोडा वेळच."

ती माझ्या हातातल्या फुग्याकडे बघत क्षणभर घोटाळली. मग म्हणाली, "तुमी म्हनता तर जाते." आणि इरलं सावरत गेली.

त्या उजेडाबद्दल मला काही लिहिता येत नाही. तो दिसला असं म्हणणंही खरं नाही. आवाज आला तेव्हा मी खोपीत पालथा पडलो होतो. बाहेर आलो तर सुमन चिखलात गुडघ्यांवर होती, छत्री लांब उडाली होती, आणि ऐनाची साल वरपासून खालपर्यंत सोललेली होती. झाडाच्या बुडाशी इरलं पडलं होतं. खळ्याकडून माणसं धावत येत होती. आणि माझे हात काय करत होते? नळी गुंडाळत होते. कोपरापासून तळव्यापर्यंत, एकावर एक वेढे, रोज गुंडाळायचो तशीच नीट.

फिल्म नंतर धुतली. निगेटिव्हची चौकट उजेडानं जळून पूर्ण काळी निघाली. इतक्या जवळची वीज फिल्मवर मावत नाही.

गर्दीत कुणीतरी बोललं, हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पायाळू बाई उगड्यावर हुबी. ईज येनार न्हाई तर काय." कुणी त्याला गप्प केलं नाही. बुधा आईजवळ बसला होता. त्यानं मान वर करून सुमनकडे पाहिलं. सुमननं माझ्याकडे पाहिलं. ती मला विचारत होती, हे खरं आहे का. तेव्हा बोलायचं होतं. मावशीला खोपीतून मी हुसकावलं, असं एक वाक्य. माझं आणि मावशीचं बोलणं वाऱ्यात दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नव्हतं. मी म्हणालो, "घरी चल."

वाक्य एकदा राहिलं की ते राहतच जातं. पहिल्या दिवशी बोललो नाही ते घाबरून. मग तेराव्यापर्यंत थांबू म्हटलं. मग दिवाळी आली. पुढे असं वाटू लागलं, की आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं, याचंच उत्तर द्यावं लागेल. मी सुमनला समजवायचो मात्र खूप. विजेचं शास्त्र सांगायचो. उंच झाड, ओली जमीन, सगळं. ती ऐकून घ्यायची आणि विचारायची, "मग त्याच दिवशी, त्याच वेळी, मी उभी असतानाच कशी?" याला शास्त्राकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे अर्धं होतं.

उसण भरलेली माणसं यायची हळूहळू थांबली. बातमी कामशेतहून लोणावळ्याला यायला किती वेळ लागतो? कुणी आलंच चुकून, तर सुमन दाराआडून सांगायची, आता पाय लावत नाही मी. दर दिवाळीला ती वाडीवर बुधाच्या घरी एक लुगडं पाठवायची, आबांच्या गड्याबरोबर. स्वतः कधी गेली नाही. आबांच्या खळ्यावर तिला कुणी येऊ नको म्हटलं नाही, पण कापणीला बोलावणंही आलं नाही. पुढे त्या खाचरांवर धरणाचं पाणी चढलं. लोक हळहळले. मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. वाटलं, गेलं ते सगळं खाली.

आबा गेले ते असेच चित्रा नक्षत्रात, दुपारी. सकाळी निरोप आला होता, लवकर निघा. आम्ही निघणार तोच आभाळ वाजू लागलं. सुमन उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथून मागे फिरली. पाटावर बसून ती म्हणाली, "माझ्यामुळं गाडीतल्या माणसांना नको काही व्हायला." मी तिच्याजवळ बसून राहिलो. पाऊस उघडून आम्ही कामशेतला पोचलो, तेव्हा आबांना खाली घेतलेलं होतं.

तेव्हाही मी बोललो नाही.

यंदा बोललो. वीज थांबली होती, सुमन पाटावरून उठून पदर झाडत होती. मी दारातच उभं राहून सांगितलं. नळी, फुगा, "इथं नको", झाडाकडे दाखवलेला हात, "तुमी म्हनता तर जाते". मनातलं चौकटीबद्दलचंही सांगितलं. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला काही फेकून मारेल. ती पाट भिंतीला उभा करून ठेवत म्हणाली,

"आबांच्या वेळी तरी सांगायचं होतंत."

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी एवढंच. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पुढे ठेवताना म्हणाली, "वाडीवर जाऊन सांगून या. मी येणार नाही."

मी गेलो. बुधाचे केसही पिकलेत. वाडी आता पाण्याच्या वर, उतारावर सरकली आहे. तो अंगणात दोर वळत होता. मला ओळखून त्यानं घोंगडं टाकलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. दोर वळणं थांबलं नाही, पण त्याचा पीळ उलटा पडत चालला होता आणि त्याचं त्याला कळत नव्हतं.

"आय ईजेला लय भ्यायची," तो म्हणाला. "कदी झाडाखाली जायाची न्हाई. आमाला पोरपनी त्यावरनं मारलंय तिनं."

मी घोंगड्याच्या कडेवर टेकलो.

"त्या दिशी म्या शेरडी बांदली व्हती त्या ऐनाला. ती म्हनली व्हती, तितं नगं बांदू. म्या ऐकलं न्हाई." त्यानं दोर खाली ठेवला. "म्या म्हनलं, शेरडी सोडवाया गेली. माज्यापायी गेली. लोकं बाईंचं नाव घ्यायची तवा म्या बी घेतलं. बरं वाटायचं तेवडंच. पर रातीला ठावं आसायचं ना, शेरडी कुनी बांदली ती."

शेळी तिथं होती का, हे मला आठवतच नव्हतं. मी झाडाकडे नीट पाहिलंच नव्हतं.

उगवतीला गडगडू लागलं. मी निघालो, तसा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "वाटंत झाडं लय हायेत. आत बसा." आग्रह नव्हता त्यात. पाऊस सरेपर्यंत आम्ही दोघं त्याच्या दाराच्या आत, एकेका भिंतीला टेकून बसलो. त्याच्या बायकोनं चहा केला. तो कपात निवून गेला.

घरी आल्यावर सुमननं विचारलं, "काय म्हणाला?" मी शेळीचं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"म्हणजे तोही," ती म्हणाली.

दोन दिवसांनी ती एकटी वाडीवर गेली. दुपारी ढग आले, चांगलेच वाजले. मी दुकानाच्या फळ्या लावून दारात उभा राहिलो. पायाळू माणसावर वीज पडत नाही, हे मी त्या दुपारी स्वतःला किती वेळा समजावलं असेल. संध्याकाळच्या गाडीनं ती आली. पार भिजलेली. पायांना गुडघ्यापर्यंत तांबडा चिखल. मी पाणी तापवलं, ते तिनं घेतलं. केस पुसत बसली. चेहऱ्यावरून काही कळेना.

मी विचारलं, "काय बोललात तुम्ही दोघं?"

तिनं पंचा पिळला, दोरीवर टाकला.

"ते आमचं आहे," ती म्हणाली.